शुलामिथमावशींचा एन्लार्जर

शुलामिथ वाकरूळकर यांची आणि माझी ओळख माझ्या डाव्या मनगटामुळे झाली. मी मूळची मिरजेची. रेहोवोतला प्रकाशशास्त्रातल्या संशोधनासाठी दोन वर्षांकरता आले होते. २००२ सालच्या नोव्हेंबरात संस्थेच्या पायऱ्यांवरून घसरले आणि दवाखान्यात पोचले. एक्स-रेच्या खोलीत पांढऱ्या कोटातल्या एक ठेंगण्या बाई आल्या. कागदावरचं माझं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि हिब्रू सोडून एकदम म्हणाल्या, "सुनिता म्हणजे आपल्याकडचीच की काय गं तू? हात असा सपाट ठेव. आता हालू नको बाय. माशी बसली तरी हालू नको."

इस्राएलमध्ये, एक्स-रेच्या टेबलावर, असं मराठी ऐकून मी अर्थातच हलले. पहिली फिल्म वाया गेली.

हाड मोडलेलं नव्हतं, पण मनगट बरं होईपर्यंत मला त्यांच्या किर्यात मलाखी गावच्या घरी दर शुक्रवारी जेवायला जावं लागलं. 'लागलं' म्हणते, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. मावशी रेवदंड्याच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. एकोणसत्तर साली इकडे आल्या. सुरुवातीला संत्र्यांच्या पेट्या भरल्या, मग कोर्स करून एक्स-रे खात्यात लागल्या आणि अठ्ठावीस वर्षं तिथंच राहिल्या. देश सोडला तेव्हाचं मराठी त्यांनी इस्त्री करून जपलेलं होतं. टीव्हीला त्या अजून 'रेडिओ' म्हणत आणि सिनेमाला 'खेळ'. गावातल्या निम्म्या माणसांच्या त्यांनी फिल्मा काढल्या होत्या. "रस्त्यात कुणी शालोम म्हणालं तर तोंड काही ओळखू येत नाही मला," त्या सांगत. "पण तो म्हणाला 'डावा खुबा', की सगळं आठवतं."

जानेवारीत दवाखान्यात कॉम्प्युटरवरची यंत्रं आली, फिल्म धुवायची अंधारखोली बंद झाली, आणि त्याच महिन्यात मावशी निवृत्त झाल्या. साहेबांनी भाषण केलं, काचेचं मानचिन्ह दिलं. मावशींनी मानचिन्ह बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही तो लाल दिवा आणि धुवायचे ट्रे फेकून देणार आहात का?"

"हो."

"मग मला द्या."

पुढच्या शुक्रवारी त्यांचे यजमान येहुदाकाका मला म्हणाले, "हिला विचार, लाल दिव्याचं काय करणार आहे. मला तर सांगत नाही." काका कापडगिरणीतून निवृत्त झालेले, सगळा जीव लोणच्यांत.

मावशींनी आतून एक बिस्किटाचा डबा आणला. डब्यात एक जुना फोटो आणि त्याची निगेटिव्ह, पातळ कागदात गुंडाळलेली. फोटो पत्त्यापेक्षाही लहान. सत्तावन्न सालचं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, हेदवाबाईंचं लग्न, रेवदंड्याच्या घरासमोर. मामांनी घडीच्या कॅमेऱ्यानं काढलेला. अंगणात चाळीसेक माणसं उभी, एकेकाचं तोंड मोहरीएवढं.

"ही बघ मी," मावशींनी तिसऱ्या रांगेच्या टोकाला, ओटीवरच्या खांबापाशी एका पांढुरक्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "पांढरा फ्रॉक. तेरा वर्षांची होते."

"दिसत नाही नीट," मी म्हटलं.

"तेच तर! हेदवाबाय म्हणते, तू नव्हतीसच फोटोत. म्हणे हिरव्या बांगड्या मिळाल्या नाहीत म्हणून रुसून माडीवर दार लावून बसली होतीस. शेहेचाळीस वर्षं झाली, दर सणाला हैफावरून फोन करते आणि शेवटी हेच. मी म्हणते होते, ती म्हणते नव्हतीस. आता मी मोठा करूनच दाखवणार. घरात. माझ्या हातानं."

"अगं, स्टुडिओत दे," काका म्हणाले.

"दिला होता. पोरगा म्हणाला, निगेटिव्ह या मापाची आमच्या मशीनमध्ये जात नाही. आणि दुसऱ्यानं केला, तर हेदवाबाय म्हणेल त्यानं खोटा केला. मला एन्लार्जर पायजे."

एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र. वर दिव्याचं डोकं, खाली भाता आणि भिंग, तळाला पाटासारखी फळी, आणि हे सगळं उभ्या खांबावर वरखाली सरकतं. खांब जितका चढवाल तितका फोटो मोठा. माझी डॉक्टरेट भिंगांवरची. मी छाती फुगवून म्हटलं, "मावशी, निवडायचं काम माझ्यावर सोडा."

पहिला एन्लार्जर आम्ही तेल अवीवच्या एका दुकानात पाहिला. छोटासा, सुबक, नवाकोरा. दुकानातली मुलगी मावशींना म्हणाली, "आजी, आता हे कोण घेतं? स्कॅनर घ्या." मावशींनी पर्समधून निगेटिव्ह काढली आणि यंत्रातल्या निगेटिव्ह ठेवायच्या चौकटीवर धरली. चौकट निगेटिव्हच्या चतुर्थांशही नव्हती.

"लुगडं रुमालात बांधायला सांगते ही," मावशी मला मराठीत म्हणाल्या आणि मुलीला हिब्रूत "तोदा" म्हणजे आभार म्हणून बाहेर पडल्या.

दुसरा एका किबुत्समध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत मिळाला. दणकट, स्वच्छ, भिंग तर इतकं छान की मी प्रेमातच पडले. फक्त चौकट चौरस. लांबट निगेटिव्हचा एक तृतीयांश भाग बाहेर राहणार. मी समजावलं, "आधी एक भाग छापायचा, मग निगेटिव्ह सरकवून दुसरा. भिंग महत्त्वाचं, मावशी."

"म्हणजे माणसं अर्धी-अर्धी छापायची? आणि मधल्या माणसाचं काय? त्याचा एक कान इकडे, एक तिकडे?"

"पण भिंग..."

"भिंग बदलता येतं. चौकट लहान ती लहानच. मला सगळी निगेटिव्ह पायजे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. हाडाचा फोटो काढताना सांधा सोडून काढला, तर डॉक्टर तो माझ्या तोंडावर फेकून मारायचे."

किबुत्सवाल्यांनी आम्हाला अवोकाडो देऊन परत पाठवलं.

मग पेपरात एक छोटी जाहिरात आली. ती मीच शोधली, पण वाचली चुकीची. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, आणि एन्लार्जरचा शब्द आणि मनोऱ्याचा शब्द यांची अक्षरं अगदी तीच. मी मावशींना फोन करून म्हटलं, "मित्स्पे रामोनला कुणीतरी मनोरा विकतंय, बहुतेक पाण्याचा." पलीकडे मावशी इतक्या हसल्या की फोन काकांनी घेतला. "उद्या सकाळी सातला तयार राहा," ते म्हणाले. "मनोरा आणायला जायचंय."

काकांची सुबारू गाडी वीस वर्षांची होती आणि चढावर तिला स्वतःची मतं असायची. नेगेवचं वाळवंट पार करून आम्ही दुपारी मित्स्पे रामोनला पोचलो. रस्त्यावर रानबोकड सरकारी नोकरांसारखे निवांत उभे होते. जाहिरातवाल्याचं नाव उझी. सत्तरीचे, भूगर्भशास्त्रज्ञ, गावाशेजारच्या त्या अजस्र विवराचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता दृष्टी अधू झाली होती.

एन्लार्जर त्यांच्या पडवीत चादरीखाली उभा होता. चादर काढली आणि मावशींनी "अग्गो!" म्हटलं. खांबच जवळजवळ मावशींएवढा. राखाडी रंग, पोचे आलेलं डोकं. पण चौकट काढून मावशींनी निगेटिव्ह त्यात ठेवली, तर ती पाटावर पोळी बसावी तशी बसली. चारही कडा आत.

अडचण एकच होती. पडवीत आमच्या आधी एक तरुण गृहस्थ बसला होता. जोनाथन त्याचं नाव, तेल अवीवला त्याचा कॅफे. त्याला एन्लार्जर हवा होता, कोपऱ्यात शोभेचा दिवा करायला.

"तुम्ही काय करणार?" उझींनी मावशींना विचारलं.

"फोटो मोठा करणार."

"एकच?"

"एक तर करते आधी."

उझींनी टेबलाच्या खणातून फिल्मचा एक जुना तुकडा काढला. "डोळे मिटा. हा हातात घ्या आणि औषध लागलेली बाजू कुठली ते सांगा."

मावशींनी डोळे मिटले. फिल्म अंगठा आणि तर्जनीत फक्त कडांवर धरली, किंचित वाकवली, क्षणभर थांबल्या. "ही. आणि तुम्ही हा उन्हात ठेवला होता, कडक झालाय."

उझी जोनाथनकडे वळून म्हणाले, "तू बाजारातून दिवा घे, बाळा." मग आमची कॉफी झाली. मावशींनी भात्यात टॉर्च खुपसून काकांच्या कोटाखाली डोकं घातलं आणि भोकं मोजली: दोन, टाचणीएवढी. भिंग एका लोकरी मोज्यात निघालं. मी उजेडात धरून पाहिलं, बुरशी नव्हती. त्या दिवशी माझ्या डॉक्टरेटचा झाला तेवढाच उपयोग. उझींनी ठरलेले पैसे घेतलेच, वर गाडीतली काकांची लिंबाच्या लोणच्याची बरणीही ठेवून घेतली.

परतताना खांब गाडीच्या खिडकीतून हातभर बाहेर होता आणि त्याच्या टोकाला काकांचं लाल बनियन. दिवस तणावाचे होते; इराकवर युद्ध होणार, क्षेपणास्त्रं येणार असं सगळीकडे बोललं जात होतं. बीरशेवाच्या अलीकडे पोलिसांनी हात केला.

"काय आहे ते?"

काका घाबरून एकदम म्हणाले, "बायकोचं आहे."

पोलीस वाकून मागच्या सीटवर पाहू लागला. मावशींनी त्याला निगेटिव्ह, लग्न, हेदवाबाई, हिरव्या बांगड्या, सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या रांगेपर्यंत पोचल्या तेव्हा पोलीसच म्हणाला, "जा आजी, जा तुम्ही."

आता एन्लार्जर उभा कुठं करायचा हा प्रश्न. त्यांच्या घराला नंतर जोडलेली एक जाड सिमेंटची खोली होती, हल्ला झाला तर बसायची. इथं तिला ममाद म्हणतात. खिडकीला लोखंडी झाप, अंधार जन्मजात. पण तिथं काकांचं राज्य होतं: लोणच्याच्या बरण्या, पापडाचे डबे, बासमतीची पोती.

"बरण्यांना अंधार लागतो," काका म्हणाले.

"मग झालं की. मी काय उजेड आणत्ये?"

तह झाला. एक भिंत बरण्यांची, एक एन्लार्जरची. टेबलावर चढवल्यावर मात्र यंत्राचं डोकं छताला टेकलं. काकांनी सुस्कारा सोडला, करवत आणली आणि लोणच्याच्या टेबलाचे चारही पाय वीतभर कापले. एक जरा जास्त कापला गेला. त्याखाली मावशींनी दवाखान्याचं मानचिन्ह सारलं. बरोबर बसलं.

त्याच आठवड्यात सरकारनं सांगितलं की विषारी वायूच्या हल्ल्याच्या भीतीनं प्रत्येकानं एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीनं बंद करून ठेवावी. दुकानांतून प्लास्टिक नाहीसं झालं. मावशींनी मात्र काळं प्लास्टिक मिळवलं आणि दाराच्या फटी, झापाच्या कडा, किल्लीचं भोक असं सगळं चिकटवून टाकलं. वरच्या मजल्यावरचा यारोन, त्यांचा शेजारी, पाहून थक्क झाला.

"काळं का, शुलामिथ? सगळे पांढरं लावतात."

"गॅसला काय रंग कळतो?"

दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीत काळं प्लास्टिक शोधायची धावपळ सुरू झाली.

मार्चच्या एका शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, आम्ही आत शिरलो आणि मावशींनी लाल दिवा लावला. बरण्यांतली लोणची काळी दिसू लागली. मावशींनी ट्रेमध्ये औषधं ओतली, आणि एन्लार्जरचा दिवा लागताच तळाच्या फळीवर रेवदंड्याचं अंगण उमटलं. उलटं, काळ्याचं पांढरं. मी श्वास रोखला. मावशींनी नाही, त्या म्हणाल्या, "डावीकडची माणसं फुसकट दिसतायत."

खरंच, उजवीकडे तोंडं स्पष्ट आणि डावीकडे धूसर. मी म्हटलं, निगेटिव्ह, भिंग आणि फळी समांतर नाहीत. पुढच्या शुक्रवारी प्रयोगशाळेतून लेसर आणि आरसे आणते, किरण परत कुठं येतो ते मोजून... मावशी बाहेर गेल्या आणि काकांची पाणसळ घेऊन आल्या, गवंडी वापरतात तीच. फळीवर ठेवली, डोक्यावर ठेवली. बुडबुडा कडेला पळाला. त्यांनी एक स्क्रू अर्धा आटा पिळला, बुडबुडा मधे आला, डावीकडच्या माणसांना नाकडोळे आले. लेसर प्रयोगशाळेतच राहिला.

पहिला फोटो पार हललेला आला. कारण शोधायला अर्धा तास लागला: भिंतीपलीकडे काकांनी वॉशिंग मशीन लावलं होतं. दुसऱ्या फोटोत नवऱ्यामुलाच्या कपाळावर एकात एक गोल वर्तुळं उमटली. मी आनंदानं ओरडले, "मावशी, न्यूटनची वर्तुळं! काच आणि फिल्म यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला की..."

"न्यूटनला लग्नाचं आवतण कोणी दिलं?"

उपाय मलाच माहीत होता, पण त्याची खास काच देशात मिळत नव्हती. मावशींनी स्वयंपाकघरातून चिमूटभर कॉर्नफ्लोअर आणलं, काचेवर टाकून फुंकर मारली; जवळजवळ न दिसण्याइतकं उरलं. वर्तुळं गेली.

तिसरा कागद त्यांनी औषधात सोडला आणि ट्रे हलक्या हातानं हलवत राहिल्या. आधी सावल्या आल्या, मग साड्यांचे काठ, मग तोंडं. मावशी एकेकाला नावानं हाक मारू लागल्या. "हे मामी. हा शालोमभाऊ, कोट दुसऱ्याचा. ही हेदवाबाय, बघ कशी मान खाली, एरवी कधी नव्हती." मग त्या तिसऱ्या रांगेच्या टोकाशी, खांबापाशी आल्या आणि थांबल्या.

तिथं पाण्याचं पिंप होतं. पिंपावर पांढरं फडकं. फडक्यावर पालथा घातलेला तांब्या.

मावशी ट्रेवर आणखी वाकल्या.

"शेहेचाळीस वर्षं," मावशी हळूच म्हणाल्या, "मी तांब्याला मी म्हणत होते?"

मी हसू दाबलं. दारापलीकडून काका विचारत होते, "झालं का? आहेस का गं तू?" मावशींनी चिमट्यानं कागद उचलून दुसऱ्या ट्रेत टाकला, तोंड असं केलं की मला वाटलं, आता हा फोटो कधी बाहेर येणार नाही. मग त्यांचा हात थांबला. कागदाच्या अगदी वरच्या कडेला, घराच्या माडीवर, एक खिडकी होती. तेव्हा फोटो छापणाऱ्या मुंबईच्या स्टुडिओनं जुना फोटो चौकटीत बसवताना ती कापून टाकली असावी. त्या छोट्या फोटोत घराची माडी नव्हतीच. निगेटिव्हमध्ये होती. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून एक मुलगी खाली अंगणाकडे पाहत होती. डोळे सुजलेले, नाक लाल असावं असं काळ्यापांढऱ्यातसुद्धा कळत होतं.

मावशी भिंग घेऊन बराच वेळ वाकून राहिल्या.

"आता आठवलं, बांगड्यांचं मी तेव्हा उगाच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ती सासरी जाणार म्हणून रडत होते. पण असं सांगायला लाज वाटली."

वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या वसंतातल्या मोठ्या सणाआधी आम्ही आगगाडीनं हैफाला गेलो. हेदवाबाई चौथ्या मजल्यावर राहत, बाल्कनीतून बंदर दिसायचं. मावशींहून उंच, आवाज दुप्पट. फोटो आता ताटाएवढा होता. मावशींनी तो टेबलावर ठेवला आणि स्वतःच बोट ठेवून म्हणाल्या, "हा तांब्या. तू म्हणत होतीस ते खरं. मी रांगेत नव्हते."

हेदवाबाई आधी विश्वासच ठेवेनात. मग चष्मा लावला, पाहिलं, आणि इतक्या हसल्या की ठसका लागला. "तांब्या! दर सणाला हा तांब्या माझ्याशी भांडत होता!" मी पाणी आणलं. पाणी पिऊन त्या परत पाहू लागल्या, नजर वर गेली, आणि हसणं बंद झालं.

"ही..."

"हो," मावशी म्हणाल्या.

"मला वाटलं तू बघायलाही आली नाहीस. होडीत बसेपर्यंत मी मागं वळून बघत होते." हेदवाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसायला घेतला, तो पुसला जाईना. थोड्या वेळानं नाक ओढून त्या म्हणाल्या, "तोंड धुवून तरी यायचंस खिडकीत. सगळ्यांच्या फोटोत कशी आलीय बघ."

"तूच कुठं सुंदर आलीयस? मान खाली. केसच दिसतायत नुसते."

दोघी पुन्हा भांडू लागल्या. नव्या विषयावर, हे ऐकून मलाच बरं वाटलं.

निघताना हेदवाबाईंनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. आत मामांच्या सगळ्या निगेटिव्हा होत्या, दीडएकशे असतील. "एवढा मनोरा घेतलायस तर आता बसू नको रिकामी," त्यांनी धाकट्या बहिणीला बजावलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या किर्यात मलाखीला यायच्या, ममादमध्ये खुर्ची टाकून बसायच्या आणि प्रत्येक फोटो आणखी जरा गडद हवा होता म्हणायच्या. काकांनी आपल्या बरण्या स्वयंपाकघरात हलवल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लोणच्यांना औषधांचा वास लागत होता. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे काकांना हेदवाबाईंचा आवाज.

मी २००४ च्या पावसाळ्यात मिरजेला परतले. वर्षभरानं मावशींचं पत्र आलं, सोबत एक फोटो: रेवदंड्याच्या किनाऱ्यावर नांगरलेल्या होड्या, पुढं दोन मुली फ्रॉक खोचून वाळूत उभ्या. पत्रात लिहिलं होतं, 'कागद इकडे मिळेनासा झाला. दुकानातली ती पोरगी पुन्हा स्कॅनर घे म्हणाली. तुझ्याकडे मिळाला तर बारा बाय दहाचा, चकचकीत नको, दोन पाकिटं पाठव. हेदवाबाय सांगते तीन पाठव.'

मी मुंबईत चौकशी केली. फोर्टातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे कपाटाच्या वरच्या फळीवर चार पाकिटं शिल्लक होती. चारही घेतली आणि त्याच दिवशी टपालात टाकली.